दक्षिण काठावरची बैठक
(खानदेशातील हिवाळी पक्ष्यांचे छायाचित्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी)

खानदेश म्हटले की परगावच्या माणसाला भुसावळच्या स्थानकावरचा मे महिना आठवतो, आणि त्यात त्याची फारशी चूकही नाही. परंतु दिवाळी उलटून कापसाची वेचणी अर्ध्यावर आली, रावेर-यावलच्या केळीबागांवर पहाटेचे धुके रेंगाळू लागले आणि शेताशेतांतून भरिताची वांगी भाजली जाऊ लागली, की याच मुलुखाच्या धरणांवर आणि तलावांवर तिबेट, मंगोलिया व मध्य आशियातील सरोवरांकडून निघालेले पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदके आणि लालसरी यांचा मुक्काम पडतो, आणि तो सामान्यतः फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हलत नाही. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस अनुक्रमे ५ आणि १२ नोव्हेंबरला येतात. त्या दोन तारखांच्या दरम्यान आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. छायाचित्रणाची तयारी त्या सुमारास आरंभावी व प्रत्यक्ष कामाला डिसेंबरात हात घालावा, हा शिरस्ता मला सोयीचा वाटतो, कारण नोव्हेंबरात पक्षी नुकतेच उतरलेले, बुजरे आणि जागा बदलणारे असतात, तर डिसेंबरात त्यांचे दिनक्रम ठरून गेलेले असतात.

या छंदाकडे वळणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो कॅमेऱ्याचा, दुसरा लेन्सचा, आणि तिसरा प्रश्न त्याला सहसा सुचतच नाही. वास्तविक तो तिसराच पहिला असावयास हवा: बसावयाचे कोणत्या काठावर? आपला प्रदेश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य येथे पूर्वेच्या बऱ्याच दक्षिणेला उगवतो, भर मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपलीकडे चढत नाही आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच प्रवास करून नैर्ऋत्येच्या अंगाला मावळतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जलाशयाच्या दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीशी सूर्य सबंध दिवस राहतो. सकाळी त्याने वायव्येकडे पाहावे, तिसऱ्या प्रहरी ईशान्येकडे, आणि प्रत्येक वेळी पक्ष्याच्या पिसांवर उजेड समोरून पडलेला त्याला आढळेल. उन्हाळ्यात दोन घटकांत संपणारा तिरकस उजेड हिवाळ्यात कितीतरी अधिक वेळ टिकतो, ही सूर्याने आपणास दिलेली सवलत आहे. उत्तर काठावर बसून सूर्याकडे तोंड करणारा माणूस ती नाकारतो आणि मग लेन्सला दोष देतो.

हतनूरचा जलाशय या दृष्टीने फार सोयीचा. भुसावळजवळ तापीवर बांधलेल्या, ४१ दरवाजांच्या या धरणामागे पाणी पूर्वेकडे पसरत चांगदेवच्या संगमाकडे जाते, जेथे पूर्णा तापीला मिळते आणि काठावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर उभे आहे. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे काठ ठिकठिकाणी उथळ झालेले आहेत; पाटबंधारे खात्याला ही चिंतेची बाब, परंतु पाणवनस्पतींवर जगणाऱ्या बदकांना ती मेजवानी होय, आणि भारतातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आले ते याच पक्षिवैभवामुळे. दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिले असता निवळ सकाळी पाण्यापलीकडे केळीची हिरवी रेघ आणि तिच्या मागे सातपुड्याची निळसर भिंत दिसते. अशी पार्श्वभूमी पैसे टाकून मिळत नाही. मात्र प्रत्यक्ष धरणाची भिंत, दरवाजे व त्यांचा परिसर यांवर कॅमेरा रोखू नये. तेथे सुरक्षेच्या कारणास्तव मज्जाव असतो, आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात जी सकाळ जाते ती पुन्हा मिळत नाही. आपले काम पाणफुगवट्याच्या काठावरचे आहे.

काठावर जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, त्यामुळे साडेसहाच्या अंधारात बैठक मारणे हे काही मोठे तप नव्हे. त्याआधी, शक्य तर आदल्या सायंकाळी, तेथील मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांशी दोन शब्द बोलून ठेवावेत. जाळी कोठे लावली आहेत, गाळ कोठे कमरेपर्यंत आहे आणि पाखरे कोणत्या बाजूस रात्र काढतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. 'कोठे चालनात भाऊ?' या प्रश्नाला 'पाखरांचे फोटो काढायला, आबा' असे सरळ उत्तर द्यावे. त्यातून पुष्कळदा चहाही मिळतो आणि त्याहून मोलाची माहितीही. शेताच्या बांधावरून जावयाचे असेल तर शेतमालकाची परवानगी घ्यावी, आणि हरभऱ्यातून वाट काढू नये.

जागा निवडताना वाऱ्याचाही विचार करावा. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात व वाऱ्याविरुद्ध उडतात. पूर्वेची किंवा ईशान्येची झुळूक असलेल्या सकाळी दक्षिण काठावरून वायव्येकडे रोख धरला, तर थवा पाठमोरा न उडता आपल्यासमोरून आडवा जातो, पंख आणि डोळा दोन्ही दिसतात. पश्चिमेचा वारा सुटला तर तेच पक्षी शेपटी दाखवून जाऊ लागतात. अशा दिवशी उड्डाणाचा हव्यास सोडून पोहणाऱ्या व चरणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष द्यावे.

एकदा बसल्यावर हलू नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे, म्हणून न हलता काय पाहावे ते सांगतो. टिटवीने आपणास पाहिले असेल तर ती साऱ्या काठाला आपली खबर देईल. ती गप्प होईतो कॅमेऱ्याला हात लावू नये. चरणाऱ्या बदकांच्या माना एकाएकी ताठ झाल्या, तर आपण मर्यादा ओलांडली असे समजावे व थांबावे. माना पुन्हा खाली गेल्या की पक्ष्यांनी आपले अस्तित्व मान्य केले. तलवार बदक आणि थापट्या उडताना पाण्यातून एकदम वर उसळी घेतात, त्यामुळे त्यांचे उड्डाण टिपणाऱ्याचे बोट आधीपासून बटणावर असावे लागते. उलट लालसरी आणि चांदवा यांना हवेत चढण्यापूर्वी पाण्यावर पाय आपटीत काही अंतर धावावे लागते, आणि त्या धावेत, मागे उडणाऱ्या शिंतोड्यांसह, चांगल्यात चांगले चित्र मिळते. स्नान व पिसांची साफसफाई चालू असलेल्या बदकावरची नजर ढळू देऊ नये, कारण हे सारे आटोपल्यावर ते बहुधा पाण्यात उभे राहून दोनतीन वेळा पंख फडफडविते. मोठ्या लालसरीचा नर, त्याचे जळत्या निखाऱ्यासारखे डोके आणि लाल चोच, या एका क्षणी पूर्णपणे उलगडतो. तो क्षण गेला की पक्षी पुन्हा मान पिसांत खुपसून मध्यान्हीपर्यंत झोप काढतो, कारण ही मंडळी चराईचे पुष्कळसे काम रात्रीच उरकून घेतात.

सरंजामाविषयी थोडक्यात. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर आरंभ करता येतो, ४०० ते ६०० मिलिमीटरची असेल तर उत्तम, आणि न बदलता येणाऱ्या लांब झूमचे कॅमेरेही शिकाऊ माणसाला कमी लेखण्यासारखे नाहीत. तिपाईपेक्षा धान्याची पिशवी मला अधिक उपयोगी वाटते: जाड मांजरपाटाची पिशवी शिवून तीत दादर ज्वारी दोन-तृतीयांश भरावी, तोंड पक्के बांधावे आणि ती जमिनीवर किंवा मोटारीच्या खिडकीवर ठेवून तिच्या खळग्यात लेन्स विसावू द्यावी. खाली घोंगडी अंथरून पालथे पडता येते, आणि लेन्स पाण्याच्या पातळीशी जितकी जवळ तितकी मागची पार्श्वभूमी दूर व मऊ होते. उभ्याने काढलेल्या चित्रात बदक नुसत्या मळकट पाण्यावर चिकटविल्यासारखे दिसते. कपडे मातकट रंगाचे असावेत. लाल मफलर घरी ठेवावा. घोंगडी ओली होतेच, तेव्हा तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद घालण्याची तजवीज करावी, आणि काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून पाय मणाचे होतात हे ध्यानात ठेवून येण्याजाण्याला दुप्पट वेळ राखावा.

कॅमेऱ्याचे आकडे परिस्थितीनुसार बदलतात, तरीही नवख्याला धरून चालण्यास काही दाखले द्यावयास हवेत. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो, उडत्या बदकाला १/१६०० ते १/२००० लागतो, आणि एका जागी हवेत थरथरत राहून मग पाण्यावर झेपावणाऱ्या कवड्या खंड्याला १/२५०० सुद्धा अधिक नव्हे. पहाटेच्या मंद उजेडात हा वेग मिळविण्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यावा लागला तर न्यावा. थोडे दाणेदार परंतु रेखीव चित्र सुधारता येते, हललेले चित्र कोणासही सुधारता येत नाही. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या प्रकारावर ठेवून तो पक्ष्याच्या डोळ्यावर धरावा. पांढऱ्या पक्ष्यांची मात्र विशेष खबरदारी घ्यावी: गडद पाण्यावरचा बगळा पाहून कॅमेरा फसतो, चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि पिसांचा तपशील पुसून जातो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक टप्पा कमी करावे, पांढुरक्या आकाशापुढून उडणाऱ्या पाणकावळ्याच्या बाबतीत तितकेच वाढवावे. पट्टकादंबाचे डोके पांढरे, त्यावर दोन काळे पट्टे आणि बाकीचे अंग राखी, असा तिहेरी पेच असतो. तेथे डोक्याचा पांढरा रंग सांभाळावा, राखी रंग आपोआप सांभाळला जातो. चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत, म्हणजे घरी बसून उजेडाची बेरीज-वजाबाकी करण्याची मुभा राहते.

दहा-साडेदहानंतर जमिनीवरून काढलेली दूरची चित्रे अकारण अस्पष्ट येऊ लागतात आणि पुष्कळ जण दुरुस्तीच्या दुकानाकडे धाव घेतात. दोष यंत्राचा नसून तापलेल्या हवेच्या लहरींचा असतो. आपली काळी माती लवकर तापते, आणि नांगरलेल्या रानावरून दोनशे पावलांवरचा पक्षी टिपावयाचा तर हिवाळ्यातही ही हवा आडवी येते. यावर उपाय दोनच: जवळचा पक्षी निवडणे, किंवा सायंकाळची वाट पाहणे. तसेच पहाटेच्या थंडीतून आणलेला कॅमेरा घरच्या ऊबेत एकदम उघडू नये, नाही तर काचेवर आणि आतही दव धरते. अर्धा-पाऊण तास तो पिशवीतच बंद ठेवावा.

पाण्यापासून दूर, शेतांत, हिवाळ्याचा दुसरा अंमल चालतो. दादर निसवून कणसात दाणा भरू लागला की भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात, आणि माचाणावरचा राखणदार गोफण फिरवीत आरोळ्या देऊ लागतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाखरांचा शेकड्यांचा थवा आकाशात वळताना एका देहासारखा वळतो. येथे छायाचित्रकाराची आणि शेतकऱ्याची दृष्टी भिन्न असणे स्वाभाविक आहे. आपणास जे सौंदर्य वाटते ते त्याच्या खळ्यातून वजा होत असते, म्हणून थवा दाण्यावर बसून राहावा अशी इच्छा त्याच्यासमोर बोलून दाखवू नये. तो पाखरे उडविणारच आहे. आपण मावळत्या उन्हाला पाठ करून, माचाणापासून अंतर राखून उभे राहावे, आणि एकेका पक्ष्याचा नाद सोडून आखूड लेन्सने सबंध थवा, कणसे आणि गोफणीचा हात एका चौकटीत धरावा. भोरड्या कीटकही मोठ्या प्रमाणात खातात, हे त्याला सांगून पाहण्यास हरकत नाही; तो मान्य करीलच असे नाही.

ज्यांना हतनूरपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी जळगावात मेहरूण तलावावर हात बसवावा. तेथे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे बगळे, पाणकावळे आणि खंड्या माणसाला सरावलेले असतात, आणि फोकस, वेग व एक्स्पोजर यांची मशागत तेथे निर्धास्तपणे करता येते. धुळेकरांना नकाणे आणि डेडरगाव हे दोन तलाव तसेच जवळचे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तेथे जाण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. परंतु धुळ्याचे खरे वेगळेपण मला पाण्यापेक्षा त्याच्या माळांत आणि कुरणांत वाटते. लळिंगच्या बाजूचा गवताळ मुलूख, हिवाळ्यात पिवळा पडलेला, भोवत्यांच्या शिकारीस योग्य असा असतो. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने, पंख किंचित वर उचलून, डावीकडे-उजवीकडे झुलत हा ससाण्याहून सडपातळ शिकारी पक्षी ठरावीक पट्टा विंचरून काढतो आणि पुष्कळदा त्याच पट्ट्यावर परत येतो. म्हणून त्याच्या मागे धावू नये. रस्त्याच्या कडेला मोटार उभी करून, इंजिन बंद करून, खिडकीतून वाट पाहावी. चारचाकीला पक्षी भीत नाहीत, तिच्यातून उतरणाऱ्या माणसाला भितात. भोवत्या येईतो काटेरी झुडपाच्या शेंड्यावरचा गप्पीदास किंवा दगडावर शेपटी थरथरविणारा थिरथिरा यांच्यावर हात साफ करून घेता येतो.

आता खानदेशचा मानकरी जो रानपिंगळा, त्याच्याविषयी लिहिले पाहिजे, आणि येथे मी सल्ला देण्यापेक्षा आवर घालण्याचेच काम अधिक करणार आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात होता. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्याने केलेली यादी पक्षितज्ज्ञ ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या काळाच्या रीतीप्रमाणे पक्ष्याची नोंद म्हणजे बंदूक, कातडे आणि त्याला बांधलेली चिठ्ठी. त्याने १८८४ मध्ये खानदेशात मिळविलेल्या रानपिंगळ्यानंतर ११३ वर्षे हा पक्षी कोणाही अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलाने १९१४ साली गुजरातेत एक मिळविल्याचा दावा केला होता. पुढे सिद्ध झाले की ते कातडे डेव्हिडसनच्याच संग्रहातून लांबविलेले होते आणि चिठ्ठी खोटी होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध घेणारे भलत्याच ठिकाणी हिंडले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आढळला, आणि या वेळी पुरावा म्हणून कातडे काढावे लागले नाही, कॅमेऱ्याने केलेले चित्रण पुरले.

हा पक्षी दिवसा वावरतो, त्यामुळे यावल अभयारण्याच्या सागवानी रानात परवाना काढून हिंडणाऱ्यास तो दिसण्याचा संभव असतो. गावातल्या पिंगळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून डोके पाहावे: पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, करडे-तपकिरी असते, पंख व शेपटीवरचे पट्टे रुंद आणि ठळक, आणि पोट पांढरे. दिसला तर आहात तेथून, असेल त्या लेन्सने, दोनचार चित्रे घ्यावीत आणि निघावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हे त्याच्या हद्दीत घुसखोर आल्याची खोटी वर्दी देणे होय. हिवाळ्यातच त्याची वीण सुरू होते, आणि त्या दिवसांत अशा खोट्या वर्दीची किंमत पिलांना मोजावी लागू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पहिल्या अनुसूचीत आहे, ढोलीजवळ जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चित्र प्रसिद्ध करताना फक्त 'सातपुडा' एवढेच लिहावे. नाल्याचे नाव, मैलाचा दगड, झाडाची खूण, यांपैकी काही लिहिले की पुढल्या रविवारी तेथे मोटारींची रांग लागते. नेमके ठिकाण सांगावयाचेच तर ते वनखात्याच्या दप्तरी सांगावे, आणि तेथे मात्र अचूक सांगावे. माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी विसरू नये. त्याच न्यायाने, एका चित्रातला पक्षी उचलून दुसऱ्या चित्रातल्या फांदीवर बसविण्याचा उद्योगही करू नये.

घरी आल्यावर चित्रे संगणकात उतरविण्याच्या आधी एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण, वारा आणि ढोबळ संख्या टिपून ठेवावी. हतनूरवर मोठ्या लालसऱ्या यंदा केव्हा आल्या आणि केव्हा गेल्या, याची सलग चारपाच वर्षांची वही एखाद्या अप्रतिम चित्राहून अधिक कामाची ठरते. शिवाय प्रत्येक पक्ष्याच्या पायाकडे व मानेकडे चित्र मोठे करून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण पट्टकादंब, बदके व किनारी पक्षी यांतील काहींना अभ्यासकांनी रंगीत कडी किंवा मानपट्ट्या घातलेल्या असतात, आणि त्या डोळ्यांना न दिसता चित्रात दिसतात. असे कडे आढळले तर ते डाव्या पायात आहे की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणते आणि वरून खाली कोणत्या क्रमाने, अक्षरे वाचता येतात काय, हे सर्व लिहून, मूळ चित्र न कापता, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावे; १८८३ पासून चालत आलेली ही संस्था पक्ष्यांना कडी घालण्याचे काम दीर्घकाळ करीत आहे. अक्षर संशयास्पद असेल तर अंदाजाने भरू नये. 'वाचता आले नाही' असे लिहावे, आणि दुसऱ्या सकाळी तोच थवा त्याच काठाला असण्याचा संभव धरून पुन्हा जावे.